लहान नौका धक्क्याला लावताना : शेवटच्या वीस मीटरचे शास्त्र

समुद्रावरील धोक्यांचा विषय निघाला की वादळ, उंच लाटा आणि इंजिनातील बिघाड यांचीच चर्चा होते. लहान मासेमारी नौकांवर मात्र बोटे चेंगरणे, पाय अडकणे, तोल जाऊन माणूस पाण्यात पडणे, नौकेच्या कडेला तडा जाणे हे प्रकार घडण्याची आणखी एक जागा असते आणि ती किनाऱ्यापासून मुळीच दूर नसते. रात्रभर जाळी ओढून थकलेले दोन-तीन खलाशी, बर्फ आणि मासळीने जड झालेली नौका, लिलावापूर्वी पोहोचण्याची घाई आणि आधीच नौकांनी भरलेला धक्का या सर्व गोष्टी परतीच्या प्रवासातील शेवटच्या वीस मीटरमध्ये एकत्र येतात. हाताची दोन बोटे गमावलेल्या खलाशाला जाळे ओढणे जड जाते आणि हंगामाच्या मध्यावर फुटलेली नौका दुरुस्तीसाठी ओढून ठेवावी लागली तर त्या कुटुंबाचे उत्पन्नच थांबते.

नौका धक्क्याला लावण्याचे कौशल्य बहुतेक जण वडीलधाऱ्यांकडे पाहून शिकतात. त्यात पिढ्यांचा अनुभव असतो. परंतु ‘असे का करायचे’ हे क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे परिस्थिती बदलली की सवय अपुरी पडते. जड लाकडी होडीच्या जागी हलकी फायबरची नौका आली की ती पाण्यावर उंच तरंगते आणि वाऱ्याने अधिक ढकलली जाते. जलाशयातील पिंजरा मत्स्यपालनामुळे तर ज्यांच्या घरात कधी होडी नव्हती असे शेतकरी आणि तरुण आता रोज खाद्याची पोती घेऊन पाण्यात जात आहेत. प्रस्तुत लेखात सुमारे ७ ते ८ मीटर लांबीच्या, एका आऊटबोर्ड इंजिनावर चालणाऱ्या उघड्या नौकेचा विचार केला आहे. ओडिशातील पुरीसारख्या ठिकाणी लाटांमधून थेट वाळूवर नौका चढवण्याची रीत आहे. ते तंत्र पूर्णपणे वेगळे असल्याने येथे घेतलेले नाही.

वेग आणि आघात

अशा नौकेचे वजन इंजिन, जाळी, बर्फ, मासळी आणि माणसे धरून सहज दीड टनापर्यंत जाते. ती ४ नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २ मीटर या गतीने, धक्क्यावर आदळली तर होणारा आघात दीड टनाचे ओझे २० सेंटीमीटर उंचीवरून खाली सोडण्याइतका असतो. हाच वेग १ नॉटपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत, उतरवला तर तीच नौका जेमतेम सव्वा सेंटीमीटरवरून खाली टेकल्यासारखी लागते. वेग चौपट झाला की आघाताची ऊर्जा सोळापट होते, हे साधे गणित त्यामागे आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. नौका आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय घालून नौका अडवण्याची जी सवय सर्वत्र दिसते, ती अत्यंत घातक आहे. स्थिर पाण्यावर दीड टनाची नौका एका हाताने ढकलता येते. त्यामुळे ती हलकी असल्याचा भ्रम होतो. ढकलायला ती हलकी वाटते, थांबवायला नाही. नौका आणि धक्का यांच्यामध्ये केवळ फेंडर असावा, माणसाचा कोणताही अवयव नसावा. फेंडर म्हणून जुना टायर उत्तम काम देतो. तो दिसायला ओबडधोबड असतो आणि नौकेच्या रंगावर काळे डाग पाडतो हे खरे. पण डाग पुसता येतात. टायरमध्ये पाणी साचू नये म्हणून खालच्या बाजूला भोक पाडावे आणि तो धक्क्याची कड जिथे टेकणार आहे त्याच उंचीवर बांधावा. भरतीला आणि ओहोटीला ही उंची वेगळी असते, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही.

फायबरच्या नौकेला बसलेला मार लाकडाप्रमाणे लगेच दिसत नाही. वरच्या गुळगुळीत थरावर केसासारखी बारीक रेघ उमटते किंवा एखादा भाग पांढरट पडतो. आतील काचतंतूंचे थर तिथे सुटू लागलेले असतात आणि त्या रेघेतून पाणी आत झिरपत राहते. अशी खूण दिसताच ती जागा कोरडी करून, घासून, वेळीच दुरुस्त करून घ्यावी.

पिछाडीकडे लक्ष

रस्त्यावरील वाहन पुढच्या चाकांनी वळते आणि मागची चाके त्यामागून येतात. नौकेचे याउलट असते. सुकाणू असो वा आऊटबोर्ड इंजिन, वळवणारा जोर पिछाडीला लागतो. नौका उजवीकडे वळवली की आधी तिची पिछाडी डावीकडे फेकली जाते आणि मग नाळ उजवीकडे जाते. डाव्या बाजूला धक्का असताना चालकाने घाबरून नौका उजवीकडे वळवली तर नाळ सुटते खरी, पण पिछाडी आणि इंजिन धक्क्यावर जाऊन आपटते. धक्क्याजवळ होणाऱ्या धडकांपैकी अशा धडकीचे कारण चालकाला नंतरही उमगत नाही, कारण त्याची नजर पुढे असते.

दुसरी गोष्ट आऊटबोर्ड इंजिनाची. त्याला स्वतंत्र सुकाणू नसतो. पंखा फिरत असतानाच नौका नीट वळते. गिअर न्यूट्रलमध्ये आणला की वळण्याची शक्ती जवळजवळ संपते. म्हणून धक्क्याजवळ सतत न्यूट्रलमध्ये वाहत येणे योग्य नाही आणि सतत गिअरमध्ये राहणेही योग्य नाही. इंजिन सर्वांत कमी गतीवर ठेवून क्षणभर गिअर टाकावा, काढावा, नौका काय करते ते पाहावे आणि गरजेपुरता पुन्हा टाकावा. या छोट्या छोट्या धक्क्यांनी नौका वळते, पण वेग घेत नाही.

वारा की पाणी?

धक्क्याकडे वळण्यापूर्वी साधारण शंभर मीटरवर नौका थांबवून दोन मिनिटे निरीक्षण करावे. पाणी कोणत्या दिशेने वाहते हे धक्क्याच्या खांबांपाशी दिसते. खांबाच्या एका बाजूला पाणी फुगते आणि दुसऱ्या बाजूला भोवरे उठतात. वाऱ्याची दिशा ध्वज, धूर आणि पाण्यावरील बारीक लहरी सांगतात. दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी असतील तर त्यांतील प्रबळ कोण, हा खरा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत विश्वासू उत्तर जवळपास एकाच नांगरावर उभ्या असलेल्या, आपल्यासारख्याच नौका देतात. त्यांची तोंडे ज्या दिशेला असतील तिकडून प्रबळ जोर येत आहे असे समजावे.

मात्र येथे ‘आपल्यासारख्याच’ हा शब्द महत्त्वाचा आहे. रिकामी नौका पाण्याबाहेर अधिक असते, तिच्यावर वाऱ्याची सत्ता चालते. मासळी आणि बर्फाने भरलेली नौका पाण्यात खोल बसते, ती प्रवाहाचे ऐकते. पहाटे निघालेली आणि दुपारी परतलेली नौका एकच असली तरी वागणुकीने ती एक राहत नाही. त्यातच किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे येतात. म्हणजे निघताना आणि परतताना वाराही उलटलेला असतो.

खाडीतील प्रवाह भरती-ओहोटीबरोबर बदलतो. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी चढण्याचा किंवा उतरण्याचा काळ सुमारे सहा तासांचा धरला तर पहिल्या तासात एकूण बदलाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक हिस्सा बदल होतो, असा नौकानयनातील जुना अंदाज आहे. यावरून मधल्या दोन तासांत पाणी सर्वांत वेगाने पळते हे समजते. शक्य असेल तिथे नवख्या चालकाने या दोन तासांत गर्दीच्या धक्क्याला नौका लावणे टाळावे.

पावसाळ्यात हा हिशेब बिघडतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपून नौका ऑगस्टमध्ये बाहेर पडतात, तेव्हा नदीमुखांमधून पुराचे पाणी अजून वाहत असते. अशा वेळी ओहोटीचा प्रवाह नेहमीपेक्षा जोरकस होतो आणि भरती सुरू झाली असली तरी पृष्ठभागावरील गोडे पाणी समुद्राकडेच जात राहू शकते. तेव्हा भरतीच्या कोष्टकावर विसंबून न राहता खांबापाशी पाणी पाहणेच श्रेयस्कर.

जोराला सामोरे

वारा आणि पाणी यांपैकी जो प्रबळ असेल, त्याला नाळ सामोरी ठेवून धक्क्याला यावे. हे एकच तत्त्व पक्के झाले तर बाकीच्या बहुतेक अडचणी आपोआप लहान होतात, म्हणून त्याचे कारण सविस्तर समजून घेण्यासारखे आहे.

समजा, खाडीत दीड नॉटचा प्रवाह आहे. नौका प्रवाहाला सामोरी करून इंजिनाने तिला पाण्याच्या तुलनेत नेमका दीड नॉट वेग दिला. आता पाणी नौकेखालून दीड नॉटने मागे जात आहे आणि नौका त्याच गतीने पुढे. परिणामी धक्क्याच्या तुलनेत ती जागच्या जागी उभी आहे. पण इंजिन चालू आहे, पंख्याजवळून पाणी वाहत आहे, त्यामुळे ती पूर्णपणे वळवता येते. वेग शून्य आणि ताबा पूर्ण, ही दुर्मीळ स्थिती केवळ प्रवाहाला सामोरे जाऊनच मिळते. याउलट प्रवाह पाठीमागून असेल तर पाण्याच्या तुलनेत तोच दीड नॉट वेग ठेवणारी नौका धक्क्याच्या तुलनेत ३ नॉट वेगाने धावत असते. वेग कमी करावा तर ताबा जातो, ताबा ठेवावा तर वेग वाढतो. नवखा चालक अशा वेळी गोंधळतो, आणि गोंधळणे स्वाभाविकच आहे, कारण त्या दिशेने येण्याचा निर्णयच चुकलेला असतो.

सामोऱ्या स्थितीचा आणखी एक लाभ आहे. नौका जागच्या जागी उभी असताना नाळ धक्क्याच्या दिशेला किंचित, दहा-पंधरा अंश, वळवली की येणारे पाणी नौकेच्या बाहेरच्या बगलेवर तिरपे आदळते आणि तिला हळूहळू आडवी धक्क्याकडे सरकवते. नाळ पुन्हा सरळ केली की सरकणे थांबते. म्हणजे जो प्रवाह शत्रू वाटत होता, तोच नौकेला कडेने नेऊन ठेवतो. ब्रह्मपुत्रेसारख्या वेगवान नद्यांवरील नावाडी घाटाला लागण्यापूर्वी नाव फिरवून तिचे तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करतात, त्यामागे हेच आहे. कोन अधिक झाला तर मात्र प्रवाह नाळ ओढून नेतो आणि नौका आडवी होते. म्हणून कोन लहान ठेवावा आणि घाई करू नये.

प्रत्यक्ष कृती

तयारी धक्क्यापासून दूर असतानाच पूर्ण करावी. फेंडर योग्य बाजूला सोडलेले, पुढचा आणि मागचा दोर मोकळा करून हाताशी ठेवलेला, दोन्हींची एक टोके नौकेला पक्की बांधलेली, वल्हे किंवा लांब बांबू तयार. खलाशांपैकी कोण कोणता दोर घेणार हे आधी ठरवावे. धक्क्याजवळ आल्यावर ओरडून सांगितलेली सूचना इंजिनाच्या आवाजात ऐकू जात नाही. सर्वांच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे आणि इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी चालकाच्या मनगटाला किंवा पट्ट्याला लावलेली असावी. त्यानंतर मोकळ्या पाण्यातच एकदा रिव्हर्स गिअर टाकून पाहावा. रिव्हर्स टाकताना इंजिन वर उचलले जाऊ नये म्हणून असलेली कडी लागलेली आहे ना, हेही पाहावे. ही कडी विसरली तर नेमक्या गरजेच्या क्षणी इंजिन पाण्याबाहेर येते आणि नौका थांबत नाही.

धक्का डाव्या बाजूला असल्याचे गृहीत धरू. प्रवाहाला सामोरे राहून, धक्क्याशी सुमारे वीस ते तीस अंशांचा कोन करून, चालण्याच्या गतीपेक्षाही हळू नौका पुढे आणावी. धक्क्यापासून दीड-दोन नौका-लांबी अंतर उरले की गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. नाळ धक्क्याच्या जवळ, साधारण दोन मीटरवर आली की इंजिनाचे हँडल धक्क्याच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, घेऊन क्षणभर पुढचा गिअर टाकावा. नाळ बाहेर वळते, पिछाडी आत येते आणि नौका धक्क्याला समांतर होते. लगेच हँडल धक्क्यापासून दूर, उजवीकडे, ढकलावे. पंखा धक्क्याच्या बाजूला वळतो. आता क्षणभर रिव्हर्स दिला की नौका थांबते आणि त्याच वेळी तिची पिछाडी धक्क्याकडे ओढली जाते. स्टिअरिंग चाक असलेल्या नौकेत रिव्हर्सपूर्वी चाक धक्क्याच्या दिशेला फिरवावे. धक्का उजवीकडे असेल तर हे सर्व उलट.

आत बसवलेले इंजिन आणि स्थिर पंखा असलेल्या मोठ्या नौकांमध्ये रिव्हर्स देताना पिछाडी आपोआप एका बाजूला सरकते. पुढे जाताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची नौका रिव्हर्समध्ये पिछाडी डावीकडे नेते. अशा नौकेची डावी बाजू धक्क्याला लावणे सोपे जाते.

लांब दांड्याच्या अनेक देशी इंजिनांना रिव्हर्स नसतो आणि काहींना न्यूट्रलही नसतो. त्यांच्यासाठी प्रवाहाला सामोरे येण्यावाचून दुसरा सुरक्षित मार्ग नाही. शेवटच्या दोन नौका-लांबींत पंखा पाण्याबाहेर उचलावा आणि उरलेले अंतर वल्ह्याने किंवा बांबूने पार करावे.

येण्याचा डाव फसत आहे असे वाटले तर परत फिरावे. त्यासाठी एक ठराविक जागा आधीच मनात नक्की करावी. उदाहरणार्थ, धक्क्यापासून तीन नौका-लांबींवर वेग आणि कोन मनासारखा नसेल तर बाहेर वळून पुन्हा सुरुवात करावी. धक्क्यावर उभे असलेले लोक हसतील या भीतीने रेटून नेलेली नौका अधिक महागात पडते. निष्णात तांडेलही दोनदा येतात.

आडवा वारा

वारा धक्क्याच्या दिशेने ढकलत असेल तर नौका धक्क्यापासून दीड-दोन मीटरवर समांतर आणून थांबवावी आणि उरलेले काम वाऱ्यावर सोडावे. फेंडर मात्र भरपूर हवेत. वारा धक्क्यापासून बाहेर ढकलत असेल तर कोन थोडा मोठा, चाळीस अंशांच्या आसपास, ठेवावा, कारण वेग उतरताच नाळ वाऱ्याबरोबर बाहेर जाऊ लागते. येथे पहिला दोर झटपट जाणे निर्णायक ठरते. धक्क्याची दुसरी बाजू मोकळी आणि वाऱ्याच्या आडोशाला असेल, तर मासळी चार पावले अधिक वाहून न्यावी लागली तरी तीच बाजू निवडावी.

पहिला दोर कोणता?

प्रवाहाला सामोरे येऊन थांबलेल्या नौकेचा पुढचा दोर प्रथम, धक्क्यावर पुढच्या बाजूच्या खुंट्याला गेला पाहिजे. तो लागला की नौका प्रवाहात मागे वाहत जाऊ शकत नाही आणि पाणीच तिला धक्क्याला समांतर धरून ठेवते. घाईत मागचा दोर आधी बांधला तर पिछाडी अडकते, प्रवाह नाळेच्या आतल्या बाजूला शिरतो आणि संपूर्ण नौका त्या दोराभोवती गरगर फिरून उलट्या तोंडाची होते. फिरताना ती शेजारच्या नौकांना आणि मध्ये असलेल्या माणसांना झोडपते. धक्क्यावर उभा असलेला एखादा मदतीला धावणारा माणूस हाताला लागेल तो दोर ओढतो, तेव्हा हे हमखास घडते. म्हणून त्याच्या हाती पुढचाच दोर द्यावा आणि ‘ओढू नका, वेढा घ्या’ असे सांगावे.

नौकेवर केवळ दोन माणसे असतील तर मधला दोर उपयोगी पडतो. नौकेच्या मध्यापासून थोड्या पुढच्या भागात बांधलेला आखूड दोर धक्क्यावरील मागच्या बाजूच्या खुंट्याला लावावा आणि इंजिन अगदी कमी गतीवर पुढच्या गिअरमध्ये ठेवावे. दोर नौकेला पुढे जाऊ देत नाही आणि इंजिन तिला धक्क्याला चिकटवून ठेवते. हँडल किंचित इकडेतिकडे करून नाळ आणि पिछाडी समतोल राखता येते. या स्थितीत उरलेले दोर सावकाश बांधता येतात.

दोर खुंट्यावर टाकल्यावर लगेच गाठ मारू नये. एक पूर्ण वेढा घेऊन मोकळे टोक हातात धरावे. घर्षणामुळे एका वेढ्यानेच पकड कित्येक पट वाढते आणि ताण अधिक झाला तर दोर थोडा सैल सोडून नौकेला धक्का न देता थांबवता येते. हाताला दोर गुंडाळून ओढणे म्हणजे बोटे पणाला लावणे होय. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवून उभे राहणेही तितकेच वाईट. खलाशाने उडी मारून धक्क्यावर जाऊ नये. नौका लागून स्थिर झाल्यावर पाऊल टाकावे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, आणि नौका व पायरी यांच्यामध्ये पडलेला माणूस पुढच्याच लाटेला चेंगरला जातो. दोर पाण्यात पडला तर आधी गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, मग दोर ओढावा. अन्यथा तो पंख्यात जातो.

बांधण्यासाठी नायलॉनचा दोर सर्वांत चांगला, कारण तो ताणला जातो आणि लाटांचे हिसके पचवतो. स्वस्त म्हणून सर्रास वापरला जाणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने ठिसूळ होतो. त्यावर हात फिरवल्यास तंतूंचा भुसा हाताला लागू लागला तर तो बांधण्याच्या कामातून बाद करावा.

जलाशयातील पिंजरे

झारखंडमधील चांडिल, छत्तीसगडमधील सरोदा सागर यांसारख्या जलाशयांत पिंजरा मत्स्यपालन रुजले आहे. पुणे जिल्ह्यातील डिंभे जलाशयात केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने आदिवासी मच्छीमारांसोबत पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढवण्याचे काम केले आहे. येथे भरती-ओहोटी नाही, प्रवाहही नगण्य असतो. सत्ता वाऱ्याची असते. शिवाय धक्का स्वतःच तरंगता असतो. नांगरांच्या दोरांवर उभा असलेला पिंजऱ्यांचा समूह वाऱ्याबरोबर थोडा सरकतो आणि ते दोर पाण्याखाली तिरपे बाहेर पसरलेले असतात.

त्यामुळे पिंजऱ्याला नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूने, वाऱ्याला सामोरे जाऊन लागावे. या दिशेने येताना इंजिन बंद पडले तरी होडी पिंजऱ्यापासून दूर वाहत जाते. वरच्या बाजूने येताना बंद पडले तर होडी पंख्यासकट जाळ्यावर जाऊन आदळते. ६ × ४ × ४ मीटरच्या एका पिंजऱ्याचे जाळे पंख्याने फाटले तर काही महिन्यांचे खाद्य आणि श्रम मासळीबरोबर जलाशयात निघून जातात, आणि पुष्कळदा ते फाटणे दुसऱ्या दिवशी खाद्य उरल्यावरच कळते. म्हणून शेवटच्या आठ-दहा मीटरमध्ये इंजिन बंद करून वर उचलावे आणि वल्ह्याने जावे. होडी पिंजऱ्याच्या मुख्य चौकटीला बांधावी, कठड्याला किंवा जाळ्याच्या दोराला बांधू नये.

खाद्याचे पोते खांद्यावर घेऊन होडीतून पिंजऱ्याच्या फळीवर पाऊल टाकणे हा येथील सर्वांत मोठा धोका आहे. पाय फळीवर पडताच होडी मागे सरकते आणि पाण्यावरील अंतर वाढते. आधी एका माणसाने मोकळ्या हाताने चढावे, मग पोते हातोहात द्यावे आणि त्या वेळी होडीतील दुसऱ्याने मधोमध खाली बसून तोल सांभाळावा.

सराव

हे सर्व शिकण्यासाठी धक्का लागत नाही. मोकळ्या पाण्यात नांगराला बांधलेला एखादा रिकामा कॅन तरंगत सोडावा आणि नौका त्याच्याजवळ, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, पूर्ण थांबवण्याचा सराव करावा. प्रथम वाऱ्याला सामोरे, मग वारा पाठीवर घेऊन. दुसऱ्या प्रकारात कॅन दरवेळी कसा मागे निसटतो हे पाहिल्यावर सामोरे जाण्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. रिकाम्या आणि भरलेल्या नौकेने हा सराव स्वतंत्रपणे करावा. सर्वांत कमी गतीवरून न्यूट्रल केल्यावर आपली नौका किती लांबीत थांबते, हे मोजून लक्षात ठेवावे. प्रत्येक नौकेचे हे अंतर वेगळे असते. दुरुस्तीनंतर, नवे इंजिन बसवल्यावर किंवा बंदीचा काळ संपल्यावर पहिल्याच फेरीत गर्दीच्या धक्क्याला न जाता तासभर असा सराव केलेला बरा.

बांधून ठेवताना

नौका लागली तरी पाणी चढत-उतरत राहते. कोचीला भरती-ओहोटीतील फरक जेमतेम एक मीटरचा असतो, मुंबईत उधाणाच्या दिवशी तो चार मीटरच्या पुढे जातो, तर खंभातच्या आखातात भावनगरजवळ सुमारे दहा मीटरपर्यंत पोहोचतो. कोचीत चालणारी बांधणी मुंबईत चालत नाही. भरतीला ताठ बांधलेली नौका ओहोटीला दोरावर लटकते, कलंडते आणि दोर तुटला तर खाली आदळते. ओहोटीला बांधलेल्या नौकेचा काठ धक्क्याच्या आडव्या लाकडाखाली अडकला तर चढते पाणी तिला बुडवते. पुढचा आणि मागचा दोर जवळच्या खुंट्याला उभा न बांधता लांबच्या खुंट्यांना तिरपा न्यावा. त्यांची लांबी त्या ठिकाणच्या भरती-ओहोटीतील फरकाच्या किमान तिप्पट असावी, असा ढोबळ नियम आहे. खंभातच्या आखातात हे शक्य नसते. तिथे लहान नौका ओहोटीला चिखलावर बसतात, म्हणून तळाखाली दगड किंवा जुना नांगर नाही याची खात्री भरती असतानाच काठीने चाचपून करावी लागते.

दुसऱ्या नौकेच्या बगलेला बांधावे लागले तर केवळ तिच्या भरवशावर न राहता आपला एक पुढचा आणि एक मागचा दोर थेट धक्क्यावर न्यावा. आतली नौका मध्यरात्री निघणार असेल तर तिच्या तांडेलाला आधी विचारावे. तिच्यावरून जाताना मधून न जाता नाळेकडून जावे. मध्ये जाळी पसरलेली असतात आणि माणसे झोपलेली असतात.